किती ठिकाणी बसलात?

सत्तरी ओलांडलेले कोणी माझ्या दवाखान्यात आले की त्यांना आधी पाच मिनिटे शांत बसू देते. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारते, ‘घरून इथवर येताना वाटेत किती ठिकाणी बसलात?’ हा प्रश्न मला एम.बी.बी.एस.च्या कोणत्याही पुस्तकाने शिकवलेला नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती केवळ विचारपूस वाटते. काही आजोबा ताठ मानेने ‘कुठेही नाही’ असे सांगतात आणि सोबत आलेली सून त्यांच्या पाठीमागून हळूच दोन बोटे दाखवते.

काही महिन्यांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांनी मात्र या प्रश्नाचे उत्तर लोकलची स्थानके सांगावीत तसे क्रमवार दिले. ‘डॉक्टरीणबाई, पहिला थांबा इस्त्रीवाल्याच्या टपरीबाहेरचे बाकडे. दुसरा किराणा दुकानाची पायरी, पण दुकान उघडे असेल तरच. बंद असले की तिथे मोटारसायकली लागतात. तिसरा गॅरेजबाहेर टाकलेली जुन्या मोटारीची मागची सीट. आणि चौथा शहाळेवाल्याचा उलटा घातलेला क्रेट. मी दिसलो की तो त्यावर गोणपाट घडी करून ठेवतो.’ मी त्यांचे जुने कागद काढले. तीन महिन्यांपूर्वी याच रस्त्यावर त्यांचे दोन थांबे होते. रस्ता तोच, माणूस तोच, थांबे दुप्पट. ‘वय झाले’ म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नव्हती. रक्ताची तपासणी केली तेव्हा हिमोग्लोबिन साडेसातवर आलेले दिसले. गुडघ्यांसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात जखम होऊन रक्त झिरपत होते. शौचाचा रंग काळा झाला होता, पण संकोचापायी त्यांनी ते कोणालाच सांगितले नव्हते. आजार सापडला तो थांब्यांच्या हिशेबातून.

रस्त्याकडेची बाकडी, पायऱ्या आणि उलटे क्रेट हा नगररचनेचा विषय आहे, आरोग्याच्या सदरात तो कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्येष्ठांनी घराबाहेर पडायचे की नाही, हे पुष्कळदा त्यांच्या पायांपेक्षा वाटेतल्या बसण्याच्या जागाच ठरवतात. मला हे उशिरा कळले, आणि त्या उशिराची किंमत माझ्या एका रुग्ण आजींनी मोजली.

माझ्या कागदावरची चुकीची नोंद

आजींना मधुमेह होता. प्रत्येक भेटीत मी त्यांना रोज चालायला सांगत असे आणि प्रत्येक भेटीत त्या ‘होत नाही हो’ म्हणत. शेवटी मी त्यांच्या कागदावर ‘व्यायाम करत नाहीत’ अशी नोंद केली. त्या नोंदीत माझी थोडी नाराजीही होती. वर्षभराने त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलीने सांगितले, ‘आई आधी रोज संध्याकाळी देवळात जायची. वाटेत एका दुकानाच्या पायरीवर घटकाभर टेकायची. दुकानदाराने त्या पायरीवर टोकदार लोखंडी जाळी बसवली, तेव्हापासून तिने देऊळच सोडले.’

हिशेब साधा होता. दीडशे-दोनशे पावले चालले की आजींची कंबर भरून येई. देऊळ चारशे पावलांवर होते आणि मध्ये टेकायला ती एकच पायरी होती. ती गेली, देवळाची वाट बंद झाली, आणि आजी घरातल्या पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत उरल्या. मी मात्र ‘पाऊण तास चाला’ एवढेच सांगत राहिले.

जाळी बसवणाऱ्याला दोष देऊन मला मोकळे होता आले असते. परंतु रात्री त्या पायरीवर मद्यपी बसत, पिचकाऱ्या मारत, आणि सकाळी दुकान उघडण्यापूर्वी ते सारे धुऊन काढावे लागे, हेही नंतर समजले. त्याची अडचण खरी होती. माझ्या हातात एक प्रश्न विचारणे होते आणि तो मी विचारला नव्हता.

न चालण्याचे परिणाम किती झपाट्याने होतात, याची कल्पना अनेक कुटुंबांना नसते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे १ किलो स्नायू घटले. घरात बसून राहणे म्हणजे अंथरुणावर पडून राहणे नव्हे, हे खरे. तरीही दिशा तीच असते. मांड्यांतील बळ जाते, तोल जातो, आणि मग न्हाणीघरातली ओली फरशी निमित्त होते.

पाय कशासाठी थांबतात

चालताना थांबावे लागण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि ‘कसे थांबता’ या उत्तरातच अर्धे निदान दडलेले असते.

काहींच्या पोटरीत ठरावीक अंतरानंतर वळ आल्यासारखे दुखते आणि नुसते उभे राहिले तरी दोन-चार मिनिटांत थांबते. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याची ही खूण असू शकते. धूम्रपान करणाऱ्यांत आणि मधुमेहींत हे अधिक आढळते. याला ‘इंटरमिटंट क्लॉडिकेशन’ म्हणतात. गंमत अशी की यावरचा एक उत्तम उपचार चालणे हाच आहे. दुखेपर्यंत चालायचे, दुखणे थांबेपर्यंत विसावायचे, पुन्हा चालायचे. असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीनदा, निदान १२ आठवडे केले तर न दुखता चालण्याचे अंतर वाढते. या उपचारात विसावा हा औषधाचाच भाग आहे. अर्थात तो डॉक्टरांनी हृदय आणि पाय तपासल्यानंतरच सुरू करावा.

काहींचे मात्र उभे राहून भागत नाही. कंबर आणि दोन्ही पाय जड होतात, मुंग्या येतात आणि बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय बरे वाटत नाही. पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंची वाट अरुंद झाली असेल, म्हणजे ‘स्पायनल स्टेनोसिस’ असेल, तर असे घडते. हीच माणसे भाजीची हातगाडी धरून, पुढे झुकून, बराच वेळ उभी राहू शकतात. आमच्या आजींचे दुखणे या जातीचे होते. अशा माणसाला ‘थोडे उभे राहा, बरे वाटेल’ हा सल्ला व्यर्थ असतो. त्याला टेकायला जागाच लागते.

याशिवाय दमा आणि फुप्फुसांचे जुने विकार, हृदयाचे दुबळेपण, रक्तक्षय, गुडघ्यांची झीज अशी कारणे आहेतच. आजाराचे नाव कोणतेही असो, दोन विसाव्यांमधले अंतर हे घरच्या घरी वापरता येणारे मोजमाप आहे. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

ओटा, पार, कट्टा

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक असावे. घराला ओटा असे, गावात वडा-पिंपळाभोवती पार असे, देवळाला सभामंडप आणि तळ्याला घाट असे. यातली कोणतीही जागा केवळ ‘बसण्यासाठी’ म्हणून बांधलेली नव्हती. तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे घटकाभर टेकता येई आणि त्याला कोणी हटकत नसे. पुण्यातल्या नागनाथ पारासारखी ठिकाणे आजही त्या नावाने ओळखली जातात. मुंबईत शिवाजी पार्कभोवतीचा बुटका कठडा म्हणजे दादरकरांचा कट्टा, आणि मरीन ड्राइव्हची समुद्रालगतची भिंत म्हणजे मैलांनी मोजावे असे बाकच.

आमचे पनवेलही जुने गाव. इथली नगरपालिका १८५२ सालची, आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. या वाटचालीत जुन्या आळ्यांतले वाडे गेले, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि ओट्यांच्या जागी वाहनतळ आले. जे थोडे ओटे शिल्लक आहेत त्यांचे वेगळेच झाले. माझ्या दवाखान्याजवळचा एक दगडी ओटा मी लहानपणापासून पाहते आहे. शाळेत जाताना त्यावर चढण्यासाठी मला उडी मारावी लागे. त्यानंतर रस्त्यावर डांबराचे आणि काँक्रीटचे थर चढत गेले, रस्ता उंचावला आणि ओटा जागच्या जागी बुटका झाला. आज तो जेमतेम वीतभर उंच आहे. तरणी मुले त्यावर मजेत बसतात, परंतु ज्यांच्यासाठी तो होता त्यांना तिथे बसले की उठता येत नाही. ओटा कोणी पाडला नाही, तरी तो ज्येष्ठांच्या हातून गेला.

आणखी एक गोष्ट मला बाई म्हणून दिसते. पुरुष कट्ट्यावर बसतो, बाई पायरीवर टेकते. आजोबांनी चौकात तासभर बसून वर्तमानपत्र वाचले तर त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. आजींना मात्र बसण्यासाठी निमित्त लागते. देवदर्शन, भाजी निवडणे, नातवाची शाळा सुटण्याची वाट पाहणे. मुंबईतल्या स्त्रियांच्या सार्वजनिक वावरावर ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक २०११ साली निघाले. स्त्रीला काही काम नसताना रस्त्यावर असण्याचा हक्क आहे, हे त्यातले म्हणणे. ते तरुण स्त्रियांना जितके लागू आहे तितकेच गुडघे दुखणाऱ्या आजींनाही. त्यांना बसायला निमित्त लागू नये.

उलटा क्रेट आणि कडप्पा

ओटे गेले तरी माणसांची टेकण्याची गरज गेली नाही, आणि लोकांनी आपापल्या परीने ती भागवली. आमच्या बाजारातून एकदा सावकाश चालून पाहा. दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेला कडप्प्याचा तुकडा, रंगाचा रिकामा डबा, शाळेने मोडीत काढलेले बाकडे, एक पाय तारेने बांधलेली आणि चोरीच्या भयाने विजेच्या खांबाला साखळीने जखडलेली प्लास्टिकची खुर्ची, चपला शिवणाऱ्याने गिऱ्हाइकासाठी ठेवलेले बुटके स्टूल. एस. टी. स्थानकावर गणपतीच्या दिवसांत कोकणात निघालेली माणसे आपल्याच गाठोड्यांवर आणि ट्रंकांवर बसलेली असतात. यातले काहीही कोणा वास्तुविशारदाने आखलेले नाही. तरीही नीट पाहिले तर प्रत्येक जागेमागे विचार असतो. दुपारी जिथे सावली पडते तिथेच तो कडप्पा असतो. शहाळेवाल्याचा क्रेट अशा जागी असतो की बसणाऱ्याला रहदारी दिसावी आणि शहाळेवाल्याला बसणारा दिसावा. कोणाला घेरी आली तर पाहणारे एक माणूस समोर असते. वैद्यकीय दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

उलट कित्येक सरकारी बाक पाहिले तर ते उन्हात, भिंतीकडे तोंड करून, हातांना आधार नसलेले आणि बागेच्या आत असतात. वडाळे तलावाभोवती फेरी मारायला जाणारे ज्येष्ठ पुष्कळ आहेत. मात्र तलावापर्यंत पोहोचतात ते ज्यांना वाटेत बसावे लागत नाही असेच. खरी गरज घर आणि बाजार, घर आणि देऊळ, घर आणि दवाखाना यांच्या मधल्या वाटेवर आहे.

रस्त्यावरच्या या जुगाडी खुर्च्यांकडे आदराने पाहणारे लोक जगात आहेत. मायकल वुल्फ या जर्मन छायाचित्रकाराने चीनमधल्या अशाच डागडुजी केलेल्या, दोऱ्यांनी बांधलेल्या खुर्च्यांची छायाचित्रे काढून २००२ साली त्यांचे पुस्तक केले. त्यापूर्वी विल्यम व्हाइट या अभ्यासकाने न्यूयॉर्कमधल्या मोकळ्या चौकांचे कित्येक दिवस चित्रण करून, काही चौक गजबजतात आणि काही ओस का पडतात, याचा शोध घेतला. १९८० साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष कोणाही आजोबांनी सांगितला असता. माणसे तिथे बसतात जिथे बसायला जागा असते. त्याच शहराने २०११ साली नागरिकांच्या अर्जावरून रस्त्यांवर बाक बसवण्याची योजना सुरू केली. ब्रिटनच्या परिवहन खात्याची मार्गदर्शिका तर असे सांगते की वर्दळीच्या पायवाटांवर बसण्याच्या दोन जागांमध्ये ५० मीटरपेक्षा जास्त अंतर नसावे. ५० मीटर म्हणजे साधारण शंभर पावले. आमच्या आजींना एवढे पुरून उरले असते.

आपल्याकडे याच्या उलट प्रकारही घडतो. २०१८ साली मुंबईच्या फोर्ट भागात एका बँकेने कोणी बसू नये म्हणून आपल्या पायरीवर खिळे ठोकले होते. लोकांनी टीका केल्यावर ते काढले गेले. म्हणजे बोलले तर ऐकले जाते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

बाकावरचा उपचार

बसण्याची जागा केवळ पायांना विसावा देत नाही. झिंबाब्वेतले मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक रुग्ण बसभाड्याचे पैसे नसल्याने रुग्णालयात येऊ शकली नाही आणि तिने जीवन संपवले. त्यानंतर २००६ साली त्यांनी हरारे शहरात आजीबाईंना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. आरोग्यकेंद्रात खोली मिळेना, म्हणून बाहेर झाडाखाली लाकडी बाक ठेवला. उदास, खचलेली माणसे त्या बाकावर आजींशेजारी बसून मन मोकळे करू लागली. २०१६ साली या ‘मैत्रीच्या बाका’ची शास्त्रीय चाचणी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर या रुग्णांमध्ये नैराश्याची लक्षणे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी आढळली.

शहाळेवाल्याचा क्रेट म्हणजे समुपदेशन केंद्र नव्हे. परंतु ‘आज उशीर झाला, काका?’ एवढी चौकशी करणारे कोणी वाटेवर असणे, हे एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठासाठी थोडे नाही. निवृत्त शिक्षकांना रक्तक्षयामुळे दोन दिवस बाहेर पडता आले नव्हते, तेव्हा त्यांच्या दारात सर्वांत आधी आला तो शहाळेवालाच.

बसावे कुठे, उठावे कसे

आता थोडे उपयोगाचे. वाटेवरची जागा पारखताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. उंची गुडघ्याइतकी असावी, म्हणजे साधारण १८ इंच. गुडघेदुखी असेल तर इंचभर अधिक चालेल, परंतु पाय जमिनीला टेकले पाहिजेत. त्याहून बुटक्या जागेवर बसणे सोपे आणि उठणे अवघड असते.

२. उठताना धरायला काहीतरी असावे. खुर्चीचे हात, खांब, भिंत, काहीही चालेल. सोबतच्या माणसाने ज्येष्ठांना काखेत धरून ओढू नये, त्याने खांदा दुखावतो. आपला हात पुढे करून त्यांना तो धरू द्यावा.

३. प्लास्टिकच्या खुर्चीचे चारही पाय सपाट जागी असल्याची खात्री करावी. पेव्हर ब्लॉकच्या खाचेत एक पाय गेला की खुर्ची कलते. उन्हाने विटलेले, ठिसूळ झालेले प्लास्टिक अचानक तुटते. तारेने बांधलेली खुर्ची तरुणांसाठी सोडावी.

४. एप्रिल-मे महिन्यांत कडप्पा आणि लोखंड तापून भाजू शकते. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांना ते जाणवतही नाही. आधी हाताच्या पाठीने तपासावे. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते, त्या टाळाव्यात. पिशवीत एक घडीचे आसन ठेवले तर दोन्ही ऋतूंत उपयोगी पडते.

५. उठताना आधी कडेला सरकावे, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्यावेत, पुढे झुकावे आणि मग मांड्यांच्या जोरावर उठावे. उठल्यावर लगेच चालू लागू नये. आधार धरून दहा अंक मोजावेत. काहींचा रक्तदाब उभे राहताच घसरतो. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्याची दखल घ्यावी लागते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर डॉक्टरांना सांगावे. गोळ्यांच्या मात्रा बदलाव्या लागू शकतात, मात्र त्या स्वतः बंद करू नयेत.

घरी एक सोपी चाचणी करता येते. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवर बसून, हात छातीशी घडी घालून, पाच वेळा उठावे-बसावे. जवळ कोणीतरी उभे असावे. याला १५ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल किंवा हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल, तर मांड्यांचे बळ कमी झाले आहे असे समजावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हीच उठबस रोज थोडी थोडी, हाताच्या आधाराने केली तर तोच व्यायामही होतो.

पुढील लक्षणे असतील तर थांब्यांची संख्या मोजत बसू नये, त्वरित तपासणी करावी. चालताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दडपण येणे. काही आठवड्यांत थांबे वाढणे. रात्री आडवे झाल्यावर धाप लागणे. एकच पोटरी सुजणे. पायाची जखम न भरणे. आणि पाय बधिर होऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटणे. छातीतले दडपण आणि हे शेवटचे लक्षण म्हणजे तातडीची अवस्था. थेट रुग्णालय गाठावे.

आपण काय करू शकतो

आपल्याकडे दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ बाक देण्याची चांगली रीत आहे. पाठीवर ‘कै.’ अशी अक्षरे रंगवलेले सिमेंटचे बाक प्रत्येक गावात दिसतात. तसा विचार कुटुंबात असेल तर माझी विनंती आहे. बाक बागेत देण्याऐवजी, ती व्यक्ती ज्या वाटेने रोज जात असे त्या वाटेवर देता येईल का, हे महानगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला विचारून पाहावे. बाकाला हात असावेत, पाठ असावी आणि सावली असावी. गृहनिर्माण सोसायट्यांनी फाटकाजवळ एक बाक ठेवावा, बाहेरच्यांनाही टेकता येईल असा. ज्येष्ठ नागरिक संघांनी एका सकाळी एकत्र चालून आपल्या भागातल्या टेकण्याच्या जागा कागदावर उतरवाव्यात. जिथे शंभर-दोनशे पावलांत एकही जागा नाही तिथे खूण करून तो कागद प्रभागाच्या कार्यालयात द्यावा. गाऱ्हाण्यापेक्षा नकाशा अधिक ऐकला जातो.

यात एक पथ्य पाळावे. पदपथ सर्वांचा आहे. काठीने वाट शोधणारा अंध माणूस, चाकाची खुर्ची, बाबागाडी यांना अडथळा होईल अशा रीतीने खुर्ची मांडू नये. आणि ज्या दुकानदाराची पायरी आपण वापरतो त्याची अडचणही समजून घ्यावी. ज्या दुकानदाराने जाळी बसवली होती त्यांच्याशी मी गेल्या वर्षी बोलले. दिवसा उघडता येईल आणि रात्री कडी लावून भिंतीला मिटवता येईल अशी लाकडी फळी सुतार करून देतो, हे त्यांना पटले. जाळी अजून आहे, पण तिच्या शेजारी आता ती फळी आहे, गुडघ्याइतक्या उंचीवर. फळीला लागून धरायला लोखंडी नळीही बसवून घेतली आहे.

मी औषधांच्या कागदावर आता दोन ओळी लिहिते. एकीत चालायचे किती, आणि दुसरीत बसायचे कुठे. दुसरी ओळ रुग्णालाच विचारून भरते. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांबरोबर या पंधरवड्यात एकदा त्यांच्या वेगाने बाजारापर्यंत चालून पाहा आणि ती ओळ तुम्हीही भरा.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजींना पुन्हा रस्त्यावर यायला आठ महिने लागले. आधी वॉकर, मग काठी. गेल्या आठवड्यात त्या नातवाबरोबर दवाखान्यात चालत आल्या. मी पट्टा गुंडाळू लागले आणि विचारण्याआधीच त्यांनी तीन बोटे वर केली.